एलडी की स्लो लर्नर? गुणपत्रिका सारखी, मुलं वेगळी

चौथीच्या पालकसभेत वर्गशिक्षिका बाजूला घेऊन सांगतात, "याची एकदा टेस्ट करून घ्या, एलडी असेल." एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी. घरी पोचेपर्यंत या वाक्याचं "मुलगा स्लो आहे म्हणाल्या" होतं आणि आजीपर्यंत जाता जाता "डोक्यानं कमी". उलटा प्रकारही तितकाच चालतो. एखाद्या मुलीला अभ्यास एकूणच जड जातो, तिच्या आईला कुणीतरी सुचवतं, "एलडीचं सर्टिफिकेट काढून टाका, दहावीला सवलती मिळतात." मग ती माउली वर्षभर सरकारी रुग्णालयाच्या रांगा धरते आणि शेवटी तिथले डॉक्टर सांगतात, हिला एलडी नाही. म्हणजे मग काय आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

रेमेडियल, म्हणजे मागे पडलेल्या मुलांना वेगळं, शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांकडे ही दोन्ही मुलं एकाच कारणानं येतात: मार्क कमी. पस्तीसच्या आसपास घुटमळणाऱ्या दोन गुणपत्रिका शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची, हे मलाही ओळखता येणार नाही. वह्या ठेवल्या तर येईल.

आधी व्याख्या उरकून घेऊ. एलडी म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता. यात 'विशिष्ट' हा शब्द महत्त्वाचा. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असते, डोळे-कान ठीक असतात, शाळा नियमित असते, तरी वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादी गोष्ट वयाच्या मानानं खूपच मागे पडते. वाचनात अडलं तर डिस्लेक्सिया, लेखनात डिस्ग्राफिया, गणितात डिस्कॅल्क्युलिया, आणि बऱ्याच मुलांत यांतलं एकाहून जास्त असतं. स्लो लर्नर मुलाची अडचण एका कप्प्यात नसते. त्याची एकूण समजण्याची गतीच सरासरीपेक्षा थोडी कमी असते, त्यामुळे मराठी, गणित, परिसर अभ्यास, सगळंच सारखं मागे राहतं. मात्र ही बौद्धिक अक्षमता नव्हे. बुद्ध्यांक ७० च्या खाली गेला आणि रोजचे व्यवहारही जमत नसले तर बौद्धिक अक्षमता म्हणतात. स्लो लर्नर त्याच्या वर असतो, साधारण ७० ते ८५ च्या पट्ट्यात.

हे झालं पुस्तकी. आता वह्या.

समजा चौथीतल्या दोन मुलांना मी एकच वाक्य घालते: "पावसाळ्यात शेतकरी भाताची लावणी करतात." पहिला लिहितो: "पवसळयात शेतकरि माताचि लवनी करतत." भाताची 'माताची' झाली, काने गळाले. त्याच पानावर पुढे 'शेतकरी' पुन्हा आलं तर तिथे 'शेतकरि' नाही, 'शेकतरी' सापडेल. म्हणजे चुकीची स्पेलिंगसुद्धा पाठ झालेली नाही. अक्षर कधी ओळीच्या वर, कधी खाली. आता वही मिटायला सांगा आणि विचारा, लावणीला शेतात पाणी का साठवतात रे? तो मामाच्या गावची चिखलणी सांगेल, रोपांच्या मुड्या कशा बांधतात ते सांगेल, पाऊस लांबला तर रोपं पिवळी पडतात हेही सांगेल. तोंडी परीक्षा असती तर हा वर्गात पहिल्या पाचात असता.

दुसऱ्याची वही नीट आहे. एखादी वेलांटी चुकलेली, बाकी वाक्य बरोबर. उतारा दिला तर संथ पण सरळ वाचतो. मी विचारते, शेतकरी काय करतात? "भाताची लावणी करतात." शाबास. मग पाऊस उशिरा आला तर लावणीचं काय होईल? तो उताऱ्यावर बोट फिरवत राहतो, आणि थोड्या वेळानं म्हणतो, "बाई, ते यात लिहिलेलं नाहीये."

या दोन उत्तरांत सगळं आलं. पहिला एलडीचा, दुसरा स्लो लर्नर. एकाला समजतं पण कागदावरून आत येत नाही आणि आतून कागदावर जात नाही. दुसऱ्याचं वाचन-लेखन सुरळीत आहे, पण वाचलेल्यापलीकडे उडी मारायची तर त्याला हात धरावा लागतो.

आपली लिपी पहिल्या मुलाची परीक्षाच घेते. इंग्रजीतल्या बी आणि डीच्या गोंधळाबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. देवनागरीत तो म-भ, घ-ध, थ-य यांच्यात होतो, अंकांत ३ आणि ६ मध्ये. पण त्याहून अवघड जागा म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. 'शि' म्हणताना श आधी ऐकू येतो आणि इ नंतर, लिहिताना वेलांटी आधी काढायची. 'सूर्य' म्हणताना र आधी आणि य नंतर, लिहिताना य काढून झाल्यावर वर जाऊन रफार द्यायचा. कानाचा क्रम एक, हाताचा दुसरा. बाकीची मुलं हे कधी शिकली ते त्यांनाही आठवत नाही. डिस्लेक्सियाच्या मुलाचा 'शिक्षक' मात्र सहावीतही 'शक्षिक' असू शकतो आणि 'सूर्य' 'सुरय'. पहिली-दुसरीत अशा चुका सगळीच मुलं करतात, त्यावरून घाबरून जायचं कारण नाही. म्हणूनच आठ वर्षांच्या आधी एलडीचं प्रमाणपत्र देत नाहीत.

गणितात फरक आणखी ठळक. पहिल्या मुलाचे पाढे पाठ होत नाहीत, हातचा चुकीच्या घरात जातो, ५२ चे २५ होतात. पण शाब्दिक उदाहरण तुम्ही वाचून दाखवलं तर रीत तो अचूक सांगतो. दुसऱ्याचे पाढे खणखणीत असतात, कारण घरी घोकून घेतलेले असतात. उभी मांडणी करून दिली की बेरीज बरोबर येते. शाब्दिक उदाहरण आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, बेरीज करू की वजाबाकी?" कुठल्याही प्राथमिक शिक्षकानं हे वाक्य हजारदा ऐकलं असेल, आणि ते ऐकून चिडणाऱ्यांनी जरा थांबायला हवं. मूल तिथे नेमकं कुठे अडलंय तेच सांगत असतं.

वर्गातलं वागणंही वेगळं असतं, आणि गंमत म्हणजे शिक्षा बहुधा पहिल्यालाच होते. प्रकट वाचनाची पाळी जवळ आली की त्याला हटकून लघवीला लागते. पेन्सिलीला टोक काढायला तो चौथ्यांदा उठतो. शेजाऱ्याला हसवतो, कारण वाचता न येणारा ठरण्यापेक्षा मस्तीखोर ठरणं परवडतं. त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा असतो, 'हुशार आहे, पण आळशी आहे. लक्ष दिल्यास प्रगती करेल.' यातला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्यानं त्याचं शाळेवरचं मन उडतं. काही मुलांत एलडीच्या जोडीला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रासही असतो, तो वेगळा तपासावा लागतो.

स्लो लर्नर मूल सहसा त्रास देत नाही. फळ्यावरचं सुबक उतरवून घेतं, बाईंनी "समजलं?" विचारलं की सगळ्यांबरोबर "हो" म्हणतं, मधल्या सुट्टीत आपल्यापेक्षा लहान मुलांत रमतं. त्याच्यावर शेरा 'कष्टाळू, शांत' असा. म्हणून ते पाचवी-सहावीपर्यंत कुणाच्या नजरेत येत नाही. मग विज्ञानाचे धडे, इतिहासातली कारणं-परिणाम, बीजगणिताची चाहूल एकदम अंगावर येते आणि घरच्यांना वाटतं, काल-परवापर्यंत बरा होता, आता काय झालं? झालं काहीच नाही. घोकून भागत होतं तोवर भागलं.

ओळखायचं कसं, तर अंदाजानं नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे. फार साधी गोष्ट, आणि हमखास राहून जाणारी. मग बुद्धिमापन चाचणी. आपल्याकडे अनेक ठिकाणी वापरतात ती मिसिक, नागपूरच्या डॉ. मलिन यांनी वेक्सलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी तयार केलेली. त्यानंतर निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला, जिच्यात वाचन, लेखन, गणित यांची पातळी इयत्तेच्या मानानं कुठे आहे ते कळतं. चाचणी मुलाला ज्या भाषेत शिकवलं जातं आणि जी घरी बोलली जाते, त्या दोन्हींचा विचार करून झाली पाहिजे. घरात इंग्रजीचा गंध नाही आणि मूल इंग्रजी माध्यमात आहे, अशांच्या इंग्रजी चुका बघून एलडी म्हणणं म्हणजे निदान नव्हे. तीच गोष्ट ज्याला पहिली-दुसरीत कुणी धड वाचायलाच शिकवलं नाही त्याची. त्याला शिकवा, सहा महिने नीट शिकवा, मग बघा. डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतही मदत देऊन सहा महिने अडचण टिकली पाहिजे अशी अट आहे.

आता ८५ च्या रेषेकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. १९९५ च्या जुन्या कायद्यात ती नव्हती. महाराष्ट्रानं मात्र त्याच्या बऱ्याच आधी, नव्वदच्या दशकातच, अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली होती आणि मुंबईच्या शीव रुग्णालयातलं एलडी क्लिनिक तेव्हापासून हे काम करतंय. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना गुण न कापणं, कॅल्क्युलेटर, अशा या सवलती. पण २०१८ च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे एलडी ठरवताना बुद्ध्यांक ८५ च्या वर लागतो. बौद्धिक अक्षमतेसाठी तो ७० च्या खाली लागतो. मधल्या मुलाला ना हे, ना ते.

बुद्ध्यांकाच्या वितरणाची वक्ररेषा धरली तर या मधल्या पट्ट्यात सुमारे १४ टक्के मुलं येतात. चाळीसच्या वर्गात पाच-सहा. एलडीचं प्रमाण डीएसएम-५ शालेय मुलांत ५ ते १५ टक्के सांगतं. म्हणजे हे दोन्ही गट जवळपास तुल्यबळ आहेत, पण एकाला कायद्यानं नाव दिलंय आणि दुसरा कागदावर अस्तित्वातच नाही. शिवाय कुठल्याही बुद्धिमापन चाचणीत चार-पाच अंकांची चूक गृहीतच असते. ८३ चं मूल आणि ८७ चं मूल यांच्यात वर्गात बसून तुम्हाला काही फरक दाखवता येणार नाही. डीएसएम-५ नं तर बुद्ध्यांक आणि वाचनपातळी यांच्यातल्या तफावतीची जुनी कसोटी काढूनच टाकली आणि बौद्धिक अक्षमता नसली म्हणजे पुरे, असं धरलं. ८३ बुद्ध्यांकाच्या मुलालाही डिस्लेक्सिया असू शकतो, हे तिथे मान्य आहे. आपल्याकडचं ८५ हे प्रशासनाच्या सोयीसाठी आखलेलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग निदानाचा उपयोग काय? मदतीसाठी. कारण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

एलडीच्या मुलाला चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावणं ही आपल्याकडची सर्वांत आवडती आणि सर्वांत निरुपयोगी रीत. तो दहा वेळा लिहितो, त्यातला सातव्यापासून पुन्हा चुकतो. त्याला ध्वनी आणि अक्षर यांची सांगड टप्प्याटप्प्यानं, डोळा-कान-हात एकत्र वापरून घालून द्यावी लागते. वाळूत बोटानं गिरवणं, काना-वेलांटी वेगळ्या रंगात, जोडाक्षर आधी फोडून मग जोडणं. अमेरिकेतले डॉक्टर ऑर्टन आणि शिक्षिका गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात इंग्रजीसाठी बांधलेली पद्धत याच धाटणीची. आणि हे चालू असताना त्याचं ज्ञान थांबू द्यायचं नाही. इतिहासाचा धडा वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या. आशय सोपा करू नका. पाचवीतल्या हुशार मुलाला दुसरीच्या गोष्टी देणं हा त्याचा अपमान आहे.

स्लो लर्नरला नेमकं उलट हवं. त्याचा आशय कमी करायचा, धड्यातले दहा मुद्दे असतील तर चार निवडायचे आणि ते चार पक्के करायचे. वस्तू हातात देऊन, चित्र काढून, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या प्रसंगांत. शाब्दिक उदाहरण त्याच्याकडून आधी अभिनय करून घ्यायचं: पाच पेरू ठेव, दोन दे, आता जास्त झाले की कमी? त्याला लेखनिक दिला तर काय होईल? लिहिणारा मिळेल, उत्तर कुठून येईल? जादा वेळानं थोडा फायदा होतो, पण जादा वेळ त्याला मिळतच नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला नापास करण्याची मुभा परत आली आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षेची सोय ठेवली आहे. त्या दोन महिन्यांत तोच धडा त्याच वेगानं पुन्हा शिकवला तर या मुलाच्या बाबतीत निकाल बदलायचं काही कारण नाही.

रिपोर्टमध्ये ८० आणि काहीतरी आकडा बघून हबकलेल्या पालकांना मी प्रमाणपत्राचा नाद सोडायला सांगते आणि आठवीतच एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माहिती काढायला लावते. तिथे दहावीला पाच विषय लागतात आणि गणित घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषय निवडता येतात. एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, पास झालेला विषय जमा राहतो. एका वेळी दोनच विषय दिले तरी चालतं. एलडीची मुलंही तिकडे जातात. मात्र पुढे गणित लागणारी शाखा घ्यायची असेल तर विषय निवडण्याआधी त्या कॉलेजची प्रवेशाची अट लेखी बघून घ्या, नंतर धावपळ नको.