संपर्कयादी (संगणकावरील)

व्यक्ती आणि संस्थांची नावे, फोन क्रमांक, ईमेल व पत्ते ठरावीक रकान्यांत साठवणारी संगणकीय नोंदवही. फोनवर वाढत गेलेली यादी बहुधा तीन ठिकाणी विखुरलेली असते: सिमकार्डात, फोनच्या स्मृतीत आणि ईमेल खात्यात. संगणकावर ती नीट करायची तर आधी यांपैकी एकच जागा मूळ यादी म्हणून ठरवावी लागते. ही जागा खात्याची असावी. सिममध्ये साधारण २५० नोंदी मावतात, नावाला जागा अपुरी असते आणि देवनागरी अक्षराला दोन बाइट लागत असल्याने लांब नावे मध्येच तुटतात.

यादीची देवाणघेवाण मुख्यतः व्हीकार्ड या स्वरूपात होते. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या व्हर्सिट या गटाने ते १९९५ मध्ये मांडले. २.१ ही आवृत्ती १९९६ ची, ३.० ही १९९८ ची आणि ४.० ही २०११ ची. फाइलचे शेपूट .व्हीसीएफ असते आणि एकाच फाइलमध्ये हजारो नोंदी एकाखाली एक बसतात. आवृत्तीचा फरक मराठी वापरणाऱ्याला थेट जाणवतो. ४.० मध्ये यूटीएफ-८, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे साठवणारे सांकेतन, सक्तीचे आहे. जुने फोन मात्र २.१ मध्ये फाइल काढतात आणि तिथे ‘क’ हे एकच अक्षर ‘=ई०=ए४=९५’ अशा नऊ चिन्हांत लिहिले जाते. वाचणाऱ्या प्रणालीला हे सांकेतन उलगडता आले नाही, तर नावाच्या जागी ‘=’ चिन्हांची रांग दिसते. अशा वेळी नावे हाताने पुन्हा टंकण्याआधी तीच यादी फोनवरून खात्यात समक्रमित (सिंक) करून तिथून नव्याने उतरवून पाहावी.

व्हीकार्डात नावाचे पाच भाग असतात: आडनाव, नाव, मधले नाव, उपाधी आणि प्रत्यय. वडिलांचे किंवा पतीचे नाव मधल्या रकान्यात बसते, त्यामुळे मराठी नावाला ही रचना सोयीची आहे. ‘डॉ.’ किंवा ‘श्री.’ पहिल्या नावाला चिकटवले, तर गावातले सगळे डॉक्टर ‘ड’ खाली गोळा होतात. ‘सुतार काका’, ‘गॅसवाला’ यांसारख्या नोंदींत व्यवसाय संस्थेच्या किंवा टिपेच्या रकान्यात टाकावा. माणूस बदलला तरी काम शोधता येते.

‘कऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ या आडनावांत एक वेगळीच अडचण आहे. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात एकमेकांशी जुळतीलच असे नाही. एकच पद्धत ठरवून घ्यावी.

क्रमांक नेहमी +९१ लावून लिहावा. पुण्याचा ०२० ने सुरू होणारा स्थिर दूरध्वनी ‘+९१ २०’ आणि पुढे आठ आकडे असा लिहितात, सुरुवातीचे शून्य गळते. हे न पाळल्यास परदेशातून किंवा रोमिंगवर फोन लागत नाही.

सर्वाधिक नुकसान सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडल्याने होते. सुरुवातीचे शून्य आणि अधिकचिन्ह उडते. बारा आकडी क्रमांक ‘९.१९ई+११’ अशा थाटात दिसतो, आणि तसाच जतन केला की मधले आकडे कायमचे जातात. जोडीला देवनागरीच्या जागी लॅटिन चिन्हांचा चिखल होतो. योग्य मार्ग असा: कोरी फाइल उघडून ‘डेटा’ टॅबमधून मजकूर आयात करावा, सांकेतन ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडावे, क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ ठरवावा आणि जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय घ्यावा.

गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये २५,००० नोंदी मावतात, पण एका वेळी ३,००० च आयात होतात. मोठी फाइल तोडून द्यावी लागते. तीच फाइल दोनदा आयात केली की नोंदी दुप्पट होण्याचा धोका असतो. दुहेरी नोंदी जुळवण्याची सोय नाव, क्रमांक, ईमेल यांवर चालते. ‘देशपांडे’ देवनागरीत आणि रोमनमध्ये अशा दोन नोंदी असून क्रमांकही वेगळे असतील, तर यंत्राला ती एकच व्यक्ती असल्याचे कळत नाही. उलट घरच्या एकाच स्थिर दूरध्वनीमुळे नवरा-बायकोची नावे एकत्र करण्याची सूचना येते. म्हणून ‘सर्व विलीन करा’ न दाबता एकेक जोडी पाहावी.

समक्रमण दोन्ही दिशांनी चालते, म्हणून संगणकावर पुसलेले नाव फोनवरूनही जाते. सफाईला बसण्यापूर्वी पूर्ण यादीची .व्हीसीएफ प्रत तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. गूगलच्या कचरापेटीत पुसलेली नोंद ३० दिवस राहते आणि त्याच मुदतीत संपूर्ण यादी मागच्या स्थितीला नेता येते. मात्र तसे केल्यास त्यानंतर जोडलेली नावे यादीतून निघतात, तेव्हा ती आधी उतरवून घ्यावीत.