भाषा शिकायचा सल्ला पारखायचा कसा?

कुडाळ, सावंतवाडी, रत्नागिरी, कुठेही जा, नर्सिंग झालेल्या एखाद्या मुलीच्या घरी हल्ली जर्मनचा विषय निघतोच. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि या चर्चेला जोर चढला. त्याबरोबर सल्लेही आले. रोज पन्नास शब्द घोक, नुसते सिनेमे बघ, व्याकरणाच्या नादी लागू नकोस, तीन महिन्यांत बोलशील!

सल्ला देणाऱ्याला ती भाषा उत्तम येते, एवढ्यावर आपण विश्वास टाकतो. पण त्याच वाटेने जाऊन मधेच सोडून दिलेले लोक सल्ला द्यायला येत नाहीत. म्हणून मी आधी विचारते: या पद्धतीची दुसऱ्या पद्धतीशी तुलना झाली आहे का, आणि परीक्षा शिकल्या शिकल्या घेतली की काही दिवसांनी?

या दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांच्या २००८ सालच्या प्रयोगात स्पष्ट दिसतं. त्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थांसकट शिकायला दिले. काही गटांत, शब्द एकदा बरोबर आठवला की त्यावर पुन्हा प्रश्न विचारणं बंद केलं. बाकीच्यांना आलेल्या शब्दांवरही विचारत राहिले. शिकून झालं तेव्हा सगळ्याच गटांना शब्द येत होते. आठवड्याने मात्र ज्यांना विचारत राहिले होते त्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, इतरांना जेमतेम एक तृतीयांश. आलेला शब्द पुन्हा पुन्हा नुसता वाचण्याने जवळपास काहीच फरक पडला नाही. मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. आठवड्याने किती आठवेल, असं आधीच विचारलं होतं, तेव्हा सगळ्याच गटांनी साधारण निम्मे असा अंदाज केला होता. म्हणजे आपली पद्धत चालते की नाही, हे स्वतः शिकणाऱ्यालाही आतून कळत नाही.

आमच्याकडे पडवीत बसून भाची शब्दांची यादी वाचते. "आते, माका सगळा पाठ आसा," म्हणते. मग मी वहीचं पान मधोमध दुमडते, जर्मन बाजू आत जाते, मराठी तेवढी बाहेर राहते. ‘खिडकी’पाशी ती थांबते, ओठ हलतात, शब्द येत नाही. तिला ते आवडत नाही, पण खरा अभ्यास त्या अडखळण्यातच होतो. हीच उजळणी एका बैठकीत न उरकता दिवसांच्या अंतराने केली, तर जास्त टिकते. हेही अनेक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

सल्ला मुळात कुणासाठी होता, हेही बघावं लागतं. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेचे भाषानिहाय तासांचे आकडे खूप फिरतात. ते इंग्रजी मातृभाषेच्या अधिकाऱ्यांचे आहेत. त्यांच्या तक्त्यात हिंदीला जर्मनपेक्षा जास्त वेळ लागतो! कणकवलीच्या मुलाला हा हिशोब लावून काय उपयोग? ‘जर्मनमधली तीन लिंगं भयंकर’ हेही मूळ इंग्रजीवाल्यांचं गाऱ्हाणं. आपल्याकडे तीन लिंगं आहेतच. कोणत्या शब्दाला कोणतं, एवढं मात्र नव्याने शिकावं लागतं.

‘मी ऐकून शिकणारी, तू बघून शिकणारा’ या विभागणीवर वेळ घालवू नये. तसं शिकवल्याने जास्त येतं याला पुरेसा पुरावा नाही, हे २००८ च्याच एका मोठ्या आढाव्यात दाखवलं गेलं आहे.

आणि वय. तिशीतल्या नर्सला ‘आता उशीर झाला’ म्हणणारे भेटतात. २०१८ मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांच्या इंग्रजी व्याकरणाचा अभ्यास झाला. व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण १७ व्या वर्षानंतर घटते, असं त्यात आढळलं. पण तिथे प्रश्न होता जन्मापासून बोलणाऱ्यांइतकं अचूक होण्याचा. जर्मनीत नर्सला साधारणपणे बी-२ पातळी लागते, म्हणजे भाषा किती येते हे मोजायच्या सहा युरोपीय पायऱ्यांतली चौथी. त्या पातळीला जन्मजात भाषिकासारखं बोलावं लागत नाही, आणि मोठ्या वयात शिकलेले लोक ती परीक्षा पास होतात.