तांबडं फुटतं ते फोटोत कधी आलं?

जानेवारीत बेळगावात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. बाहेरून कॅमेरा घेऊन आलेल्यांना याचं नवल वाटतं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे आणि आपण आहोत साधारण साडेचौऱ्याहत्तर अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर आपला सूर्य घड्याळाच्या बत्तीस मिनिटं मागे चालतो. त्यामुळे थंडीत इथं शहर आधी उठतं आणि दिवस मागाहून उगवतो. दूधवाल्यांच्या गाड्या निम्मं गाव फिरून आलेल्या असतात, शहापूर-वडगावात एखादा माग सुरू झालेला असतो, आसपासच्या खेड्यांतल्या बायका भाजीच्या बुट्ट्या घेऊन गणपत गल्लीत टेकलेल्या असतात, आणि आभाळ अजून निळंच असतं. फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीनं हे मोठं भाग्य आहे.

आज हे फोनवरही टिपता येतं. फोटोग्राफीच्या जवळजवळ पहिल्या सत्तर वर्षांत मात्र पहाटेचा रंग आणि पहाटेची लगबग, दोन्ही कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर होती.

सुरुवात गंमतशीर आहे. १८३८ मध्ये फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, फ्रान्सचे दागेर यांनी पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून एका गजबजलेल्या रस्त्याचं चित्र घेतलं, तेही सकाळचंच. पण प्लेटवर, म्हणजे चित्र जिच्यावर उमटे त्या पत्र्यावर, प्रकाश काही मिनिटं पडू द्यावा लागे. तेवढ्या वेळात घोडागाड्या आणि माणसं पुढं निघून गेली, रस्ता ओसाड दिसला. पाय पुढं करून बूट पुसून घेणारा एक माणूस तेवढा उमटला, कारण तो थांबला होता. शहराच्या फोटोत माणूस दिसल्याचा हा सर्वांत जुना दाखला मानतात.

आपल्याकडे मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारनं तोफखान्यातले कॅप्टन बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे या भागातल्या वास्तूंचे फोटो काढायला नेमलं. १८७४ मध्ये जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाला सुरुवात केली, आणि त्यांच्या पहिल्या हंगामाचा अहवाल नेमका बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांचाच आहे. देवळं, लेणी, शिलालेख हे त्या साऱ्या कामाचे विषय. वास्तू हलत नाही, हा तिचा मोठा गुण होता.

त्या काळची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत काळ्या तंबूत नेऊन धुवायची. ही दगदग एक वेळ सोसली असती. खरी अडचण वेगळी होती: त्या काचेला तांबडा रंग दिसतच नसे. निळा प्रकाश तिच्यावर भराभर उमटे. तांबडा पडला काय, न पडला काय, सारखंच. पूर्वेला तांबडं फुटलं की आपले डोळे तिकडं लागतात, ती काच तिथं आंधळी असे. सकाळच्या कोवळ्या उन्हात निळा भाग विखरून गेलेला असतो आणि तांबडा-पिवळाच जास्त उरतो. म्हणजे जी वेळ आपल्याला सर्वांत देखणी वाटते, तीच तिला सर्वांत अवघड.

१८७३ मध्ये फोगेल या जर्मन रसायनज्ञाला दिसलं, की प्लेटमध्ये ठरावीक रंगद्रव्यं मिसळली तर ती इतर रंगांनाही दाद देते. सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात यायला १९०६ उजाडलं. तेव्हाही तांबडं दिसे ते करड्या छटेतच. पुढच्या वर्षी आलेल्या ऑटोक्रोम प्लेटांनी रंग आणला खरा, पण त्या इतक्या मंद, की लख्ख उन्हातही सेकंदभर तरी लागे.

डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष होते असं हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी ते उभं केलं होतं. मी पाहिलेले त्याचे फोटो भर उजेडातले आहेत. ऐन थंडीत त्या छावणीत माणसं उठून कामाला लागली असतील, पाणी काढलं असेल, चुली पेटल्या असतील. ती पहाट मला कुठल्याच फोटोत सापडली नाही, आणि याची हळहळ वाटते.

पुढं रोल आले. छत्तीस फोटोंचा रोल लग्नाला, बारशाला, गणपतीला पुरवून वापरायचा. सूर्य पाठीशी घ्या, दहाच्या उन्हात उभे राहा, हा आमच्या घरातला नियम होता. अंधुक उजेडात रोल कोण फुकट घालवणार? म्हणून माझ्या आजोबांच्या बेळगावची पहाट आमच्या अल्बमात नाही. ती ऐकीव आहे.

डिजिटल कॅमेऱ्यानं हे बदललं. अंधुक उजेडातही संवेदनक्षमता वाढवून हातात धरून फोटो घेता येऊ लागला. आता येळ्ळूरच्या गडावर हिवाळ्यात पहाटे कॅमेरे दिसतात. तिथून शहर उत्तरेला येतं, ऊन उजवीकडून पडतं आणि धुक्याचे थर सुटे सुटे दिसतात. शहरातून पाहावं तर रट्ट राजघराण्याच्या काळातला, १२०४ सालचा म्हणून सांगितला जाणारा किल्ला पूर्वेला आहे. दिवस त्याच्या पाठीमागून वर येतो. हे फोटो सुंदर असतात. तरी मला वाटतं, गडावर जितकी गर्दी होते त्यातले निम्मे जण गल्लीत उतरायला हवेत. किल्ला उद्याही तिथंच असणार आहे.

गेल्या जानेवारीत पावणेसातला गणपत गल्लीत होतो. मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या मावशींना विचारून फोटो घेतला. "घ्या की, पण हात थांबायचा नाही हं माझा," त्या म्हणाल्या. शटर एक-पंधरांश सेकंदावर होतं. दिव्याचा पिवळा उजेड अर्ध्या चेहऱ्यावर, वर आभाळ शाईसारखं निळं. मेथी पानापानानं स्पष्ट आली आहे, जुडीभोवती दोरा गुंडाळणारे हात मात्र नुसते धुरासारखे.