आई आणि तान्ह्या बाळाचं कॉर्टिसॉल जोडलं जाणं

ताण आला की अंगात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं, पण आई आणि तान्हं बाळ यांचं कॉर्टिसॉल बरेचदा जोडीनेच वरखाली होतं, आईचं वाढलं की बाळाचंही वाढतं आणि एकाचं उतरलं की दुसऱ्याचंही उतरायला लागतं. संशोधक याला सिंक्रनी किंवा अट्यूनमेंट म्हणतात. सगळ्याच मायलेकरांत हे सारखं दिसत नाही, कुठे खूप घट्ट असतं तर कुठे जवळपास नसतंच.

ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते आणि किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. गरोदरपणात आईचं कॉर्टिसॉल तसंही वाढलेलंच असतं, पण वारेत एक एन्झाइम असतं जे त्यातलं बरंचसं बाळापर्यंत पोचायच्या आत निकामी करून टाकतं, त्यामुळे पोटुशी बाई जरा चिडली की लगेच बाळाला त्रास झाला असं सासरी-माहेरी जे घाबरवतात ते तितकं खरं नाही. जन्मल्यावर बाळाला दिवसरात्रीची लय नसते, सकाळी जास्त आणि रात्री कमी हा मोठ्या माणसांचा पॅटर्न पुढच्या काही महिन्यांत हळूहळू बसतो. आईच्या दुधातही कॉर्टिसॉल असतं आणि पहाटे-सकाळच्या दुधात ते जास्त असतं.

मग जोडणी होते कशी, तर स्पर्श, आवाज, चेहरा, अंगाची पकड या सगळ्यातून. 2014 मध्ये अमेरिकेत सारा वॉटर्स आणि सहकाऱ्यांनी 12 ते 14 महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. आईला बाळापासून वेगळं नेऊन अनोळखी लोकांसमोर भाषण करायला लावलं आणि काही आयांसमोर ऐकणारे मुद्दाम नापसंती दाखवत होते, बाळाने यातलं काहीच पाहिलं नव्हतं, तरी आई परत येऊन त्याला मांडीवर घेतल्यावर बाळाच्या हृदयावरही तिच्या ताणाचा परिणाम दिसला. इथे मोजमाप हृदयाच्या कामाचं होतं, कॉर्टिसॉलचं नाही, पण ताण आईकडून बाळाकडे जातो हे त्यातून कळतं.

नाशिकमध्ये हे डोळ्यासमोर आणायचं असेल तर सिडकोतली नाहीतर पंचवटीतली एखादी अंगणवाडी घ्या, लसीकरणाचा दिवस. 14 आठवड्यांच्या बाळाला मांडीत पेंटाव्हॅलेंटचं इंजेक्शन, सुई बघून आईच आधी श्वास रोखते, तिचे हात आवळतात, बाळ किंचाळतं, आशाताई म्हणते "अगं जवळ घे, पाज त्याला". नंतर अर्धा तास तिथेच थांबवतात ते रिअॅक्शन येते का बघायला, पण लाळेतलं कॉर्टिसॉल साधारण 20 ते 30 मिनिटांनीच सगळ्यात वर जातं, म्हणजे नेमकं त्याच बाकावर बसलेलं असताना. संशोधनात लाळच घेतात, तोंडात कापसाचा बोळा फिरवून, आणि नुकतंच दूध प्यायलं असेल तर थांबावं लागतं कारण दुधाने रिझल्ट बिघडतो. अमेरिकेतल्या संशोधक मेगन गन्नर यांच्या कामातून दिसलं की बाळ 2 महिन्यांचं असताना लस टोचली की कॉर्टिसॉल जसं उसळतं तसं 6 महिन्यांना उसळत नाही, रडतं मात्र तरीही.

रडणं आणि कॉर्टिसॉल एकत्रच चालतील असं नाही, यावर 2012 चा न्यूझीलंडमध्ये झालेला संशोधक वेंडी मिडलमिस यांचा अभ्यास नेहमी सांगितला जातो. 4 ते 10 महिन्यांची बाळं, त्यांना एकटं झोपायची सवय लावायची होती. पहिल्या रात्री बाळ रडलं, दोघांचं कॉर्टिसॉल जोडीने वर होतं. तिसऱ्या रात्री बाळाचं रडणं थांबलं म्हणून आईचं उतरलं, पण बाळाचं वरच राहिलं, म्हणजे जोडणी तुटली. अभ्यास अगदी छोटा, 25 जोड्यांचा, त्यावर टीकाही बरीच झाली, तेव्हा त्यावरून आयांना दोषी ठरवणं चूक आहे.

आणि ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, घट्ट जोडणी म्हणजे चांगलं आणि सैल म्हणजे वाईट असं अजिबात नाही. काही अभ्यासांत संवेदनशील आयांची जोडणी जास्त दिसली, तर काहींत ज्या घरात मारहाण किंवा सततचा त्रास आहे तिथेही ती जास्त दिसली. म्हणजे जुळलेले आकडे दोघं सोबत शांत होतात हे सांगत असतील, नाहीतर दोघं सोबत घाबरलेत हेही. एकटा आकडा बघून आईबद्दल काही बोलूच नये, तिच्या घरात काय चाललंय हे आधी विचारावं.

बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य छोट्या कुटुंबांत झालेत, एक आई आणि एक बाळ, बस. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या सीझनला आई बागेत छाटणी-पॅकिंगला जाते आणि बाळ दिवसभर आजी, मावशी, शेजारची काकू असं हातोहात फिरतं, माहेरच्या बाळंतपणात तर सव्वा महिना तेलमालीश, शेक, आंघोळ सगळं दुसऱ्याच हातांनी होतं. तिथे मोजायचं तर आईच्या लाळेसोबत आजीचीही लाळ घ्यावी लागेल, नाहीतर त्या घरातलं बाळ कोणाकडे शांत होतं हे कळणारच नाही.