बोलपट आला आणि नटांचे पाय बांधले गेले

मूकपटातले नट बोलपटात मागे का पडले, याचं ठरलेलं उत्तर असतं: त्यांचा आवाज चांगला नव्हता. मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांच्या गळ्यापेक्षा समोरच्या यंत्राच्या अटी जास्त कडक होत्या.

मुंबईच्या इंपीरियल कंपनीचंच बघा. अर्देशीर इराणींनी तिथे बनवलेला 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट 14 मार्च 1931 रोजी मॅजेस्टिकला लागला. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून. मूकपटाच्या काळात गाडी धडधडत गेली किंवा दृश्य चालू असताना दिग्दर्शकाने ओरडून सूचना दिल्या, तरी काही बिघडत नसे. आता मात्र गाड्या थांबल्या की मध्यरात्री चित्रीकरण सुरू व्हायचं, तेही एखाद्या आडोशाला दडवलेल्या मायक्रोफोनसमोर.

बोलणाऱ्यापासून मायक्रोफोन दुप्पट लांब नेला, तर तोंडून थेट येणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे नट चार पावलं मागे सरला, की त्याचे शब्द त्या घुमाऱ्यात बुडायचे. म्हणून त्याने जागा सोडायची नाही. चित्रपटाचे नायक मास्टर विठ्ठल हे कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले, तलवारबाजीसाठी गाजलेले. अंगाने बोलणाऱ्या माणसाला हे किती जड गेलं असेल!

त्यात 'तानार' यंत्रावर चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर उतरत. आवाजामुळे मायक्रोफोनमधून येणारा विद्युतप्रवाह कमीजास्त व्हायचा, त्याप्रमाणे प्रकाश कमीजास्त व्हायचा आणि फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी उमटायची. एक शब्द अडखळला तर अख्खं दृश्य पुन्हा. मागून दुसऱ्याचा आवाज लावायची सोयच नव्हती. गाणीसुद्धा नटांनी तिथेच गायची, वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून साथ करायचे. पार्श्वगायन आलं ते 1935 मध्ये.

कॅमेऱ्याचा वेगही बदलला. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत, वेग थोडा मागेपुढे झाला तरी डोळा चालवून घेई. कान घेत नाही. वेग सहा टक्क्यांनी वाढला की आवाज अर्ध्या सुराने चढतो. म्हणून मोटर आली आणि सेकंदाला 24 चौकटी हा वेग पक्का झाला.

उरला प्रश्न भाषेचा, आणि खरी पडझड इथे झाली. विठ्ठल यांचे हिंदी-उर्दू उच्चार कच्चे होते, म्हणून त्यांना बराच वेळ गुंगीत दाखवून संवाद कमी केले, असं सांगतात. याच नटाला दुसऱ्या स्टुडिओच्या करारातून सोडवायला इंपीरियलने कोर्टात बॅरिस्टर जिनांना उभं केलं होतं, इतकी त्यांची मागणी होती.

पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स, म्हणजे सुलोचना, यांची गोष्ट मला फार मोलाची वाटते. सिनेमात येण्याआधी त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. म्हणजे आवाजावरच पोट भरत होतं. अडलं ते हिंदुस्तानीपाशी. त्यांनी जवळपास वर्षभर काम थांबवलं, भाषा शिकून घेतली आणि आपलेच गाजलेले मूकपट पुन्हा बोलपट म्हणून केले. 'माधुरी' 1932 मध्ये आला, 1928 च्या 'अनारकली'चा बोलपट 1935 मध्ये. पुढे 1953 च्या 'अनारकली'तही त्या आहेत, सलीमच्या आईच्या भूमिकेत.