जॉइंटर सपाटी देतो, जाडी नाही

सुतारकामाच्या शेडमध्ये जॉइंटरला ‘सरफेस प्लेनर’ किंवा नुसते ‘रंधा मशीन’ म्हणतात. दोन्ही बाजू मशीनवर मारूनही फळी एका टोकाला पातळ का होते? कारण यंत्राच्या रचनेत आहे. दोन टेबले, मध्ये फिरणारा पात्यांचा ब्लॉक. फळी निघायचे टेबल पात्यांच्या सर्वांत उंच बिंदूच्या पातळीत असते. फळी घालायचे टेबल, जेवढे लाकूड काढायचे तेवढे खाली. टेकलेली बाजू सरळ होते, वरची बाजू कुठे आहे याचा यंत्राला पत्ताच नसतो. एक बाजू सपाट आणि एक कड काटकोनात, इतकेच त्याचे काम. दुसरी बाजू समांतर करायला थिकनेस प्लेनरच लागतो.

म्हणून मशीन घेताना आधी टेबल पाहावे, हॉर्सपॉवर नंतर. दोन्ही टेबलांची मिळून जी लांबी, तिच्या साधारण दुपटीपर्यंतची फळी नीट सरळ होते. चार फुटी टेबलावर दाराच्या चौकटीचे सात फुटी लाकूड जमते. सहा इंची (म्हणजे तेवढ्या रुंद पात्यांच्या) मशीनला १ हॉर्सपॉवर पुरते, आठ इंचीला दीड-दोन. किर्लोस्करवाडीच्या सांगली जिल्ह्यात टेबलाच्या बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ओतकामाबद्दल वेगळे सांगायला नको, पण सेकंडहँड मशीन घेताना सरळ पट्टी दोन्ही टेबलांवर लांबीत आणि तिरकी लावून खालून उजेड येतो का ते बघाच. जुना चौकोनी कटर ब्लॉक असेल तर सरळ नाही म्हणावे: त्याच्या सपाट बाजूंमुळे पोकळी उरते, बोट आत खोलवर ओढले जाते. गोल ब्लॉकमध्ये ती जागा फारच कमी असते.

पाती लावणे हा खरा कसोटीचा भाग. प्लग काढा. एक सरळ लाकडी पट्टी निघायच्या टेबलावर ठेवून ब्लॉकवर पुढे येऊ द्या आणि टेबलाच्या ओठाशी तिच्यावर खूण करा. ब्लॉक हाताने फिरवला की पाते पट्टीला ३-४ मिलिमीटर पुढे ढकलते. प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना हे अंतर सारखे यायला हवे. निघायचे टेबल खाली राहिले तर फळीच्या शेवटी खळगा पडतो. वर राहिले तर फळीचे पुढचे टोक त्यावर अडते किंवा ती उतरती निघते.

पहिल्या फेऱ्यांत १ ते १.५ मिलिमीटर लाकूड काढावे, शेवटच्या फेरीत अर्धा. फळीचा आत वाकलेला भाग खाली. तिच्या कडेवरच्या रेषा मागच्या टोकाकडे खाली उतरणाऱ्या हव्यात; उलट दिशेने घातली की तंतू उपटून खड्डे पडतात. वाड्यातले जुने सागवान स्वस्त मिळते, पण आधी चुंबक फिरवा. एक खिळा तिन्ही पाती खातो.

हातांचा नियम एकच: कटर ब्लॉकच्या वर हात कधीच जाऊ नये. ढकलायला हँडलचे लाकडी ठोकळे, झाकण जागेवर, बाह्या आवळलेल्या, मनगटात काही नको, हातमोजे तर अजिबात नकोत. पात्याने धागा पकडला की त्याच्याबरोबर हातही जातो. एक फुटापेक्षा आखूड तुकडा हाताच्या रंध्यावर काढावा. फळीच्या थेट मागे उभे राहू नका, गाठीवर ती उसळते.

सांगलीत एक गोष्ट विसरून चालत नाही. हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात सुमारे ६ टक्के ओल टिकते, ८० टक्के आर्द्रतेत सुमारे १६. एप्रिलमध्ये सपाट केलेली फळी श्रावणात वाकणारच. दोन-चार दिवस शेडमध्ये हवा खेळेल अशी रचून ठेवा, मगच मारा.

फळ्या कडेला कड जोडून पाट करताना गाईड (फळी टेकवायची उभी पट्टी) गुण्याने तपासा. तरीही अर्ध्या अंशाचा फरक राहतोच, म्हणून एका फळीची वरची बाजू गाईडकडे आणि जोडीदार फळीची वरची बाजू बाहेर ठेवून कड मारा. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात, पाट सपाटच जुळतो.