मूलपेशीजन्य प्रकाशग्राही पेशींचे प्रत्यारोपण

दृष्टिपटलाच्या (रेटिनाच्या) ऱ्हासात नष्ट झालेल्या प्रकाशग्राही पेशींच्या जागी मूलपेशींपासून (इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींपासून) प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी बसवण्याची पद्धत. ती अद्याप प्रायोगिक अवस्थेत आहे.

माणसाच्या प्रत्येक डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी (अंधुक उजेडात पाहणाऱ्या) आणि सुमारे ६० लाख शंकुपेशी (भर उजेडात आणि रंग पाहणाऱ्या) अशा दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक रोगात बहुधा दंडपेशी आधी मरतात. सुरुवात रातांधळेपणाने होते, नजरेचा परीघ आवळत जातो आणि शेवटी शंकुपेशीही जातात. वार्धक्यातील मॅक्युलाच्या (दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या) ऱ्हासात उलट मधली नजर जाते. वाचणे आणि चेहरे ओळखणे अवघड होते. झेब्राफिश या माशाच्या दृष्टिपटलातील म्युलर पेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) गेलेल्या पेशी पुन्हा घडवतात. सस्तन प्राण्यांत ही सोय उरलेली नाही. जनुकोपचाराचा उपयोग जिवंत पेशींनाच होतो. पेशीच उरली नसेल, तर तिच्यातले सदोष जनुक दुरुस्त करण्याचा प्रश्नच उरत नाही.

आशेला जागा आहे ती एका गोष्टीमुळे. प्रकाशग्राही पेशी गेल्या तरी त्यांच्यापुढच्या द्विध्रुवी पेशी आणि मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गुच्छिका पेशी बराच काळ टिकून राहतात. साखळीचा पहिलाच दुवा तुटलेला असतो.

तो दुवा घडवण्यासाठी भ्रूणीय मूलपेशी किंवा आयपीएस पेशी वापरतात. प्रौढ पेशीला पुन्हा मूलावस्थेत नेण्याची आयपीएसची युक्ती शिन्या यामानाका यांच्या गटाने २००६ साली उंदरांच्या पेशींवर दाखवली. २०११ मध्ये योशिकी सासाई यांच्या गटाने दाखवले, की उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींच्या गोळ्यातून डोळ्याचा पेला (गर्भातील डोळ्याचा पेल्यासारखा प्रारंभिक आकार) आपोआप आकार घेतो. मानवी पेशींना मात्र घाई करता येत नाही: गर्भातल्या वेळापत्रकानेच त्या वाढतात, म्हणून पक्व प्रकाशग्राही पेशी मिळायला कित्येक महिने लागतात.

दृष्टिपटलामागच्या रंजक पेशींचा थर बदलणे तुलनेने सोपे, कारण त्या पेशींना चेतातंतूंशी जोडणी करावी लागत नाही. मासायो ताकाहाशी यांच्या गटाने २०१४ मध्ये जपानमधील कोबे येथे आयपीएसपासून केलेला असा थर एका वृद्ध रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात बसवला. बातम्यांत रंजक पेशींचे रोपण आणि प्रकाशग्राही पेशींचे रोपण यांची सर्रास गल्लत होते. रंजक पेशी प्रकाश ग्रहण करत नाहीत. त्या प्रकाशग्राही पेशींचे पोषण करतात आणि त्यांचे झडलेले तुकडे गिळून टाकतात.

या क्षेत्राला सर्वांत मोठा धक्का २०१६च्या सुमारास बसला. त्याआधी दशकभर, चमकणाऱ्या प्रथिनाची खूण असलेल्या दात्याच्या पेशी उंदराच्या डोळ्यात सोडल्या, की दृष्टिपटलात चमकत्या, सुघड प्रकाशग्राही पेशी दिसत. रोपण रुजले, असाच त्याचा अर्थ लावला जाई. मग अनेक प्रयोगशाळांनी दाखवून दिले, की चमकणाऱ्यांपैकी बहुतेक पेशी मूळच्या उंदराच्याच होत्या. दात्याच्या पेशी बाहेरच राहिल्या होत्या. त्यांच्यातली प्रथिने आणि इतर द्रव्ये तेवढी शेजारच्या पेशींत गेली होती. आपल्याच निष्कर्षांची अशी फेरतपासणी करण्याचे धैर्य या संशोधकांनी दाखवले, हे मला फार मोलाचे वाटते. तेव्हापासून, प्रकाशग्राही थर पूर्ण नाहीसा झालेल्या डोळ्यांतील प्रयोगांना अधिक वजन आले. तिथे दिसणारा प्रतिसाद मूळच्या पेशींच्या नावे घालता येत नाही.

२०२० साली कोबे येथेच रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या रुग्णाच्या डोळ्यात आयपीएसपासून वाढवलेला दृष्टिपटलाचा पापुद्रा प्रथमच बसवला गेला. दोन रुग्णांतील रोपणे दोन वर्षांनंतरही टिकून असल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. तो सुरक्षिततेचा प्रयोग होता; दृष्टी परत आली असा त्याचा अर्थ नाही. रोपलेल्या पेशी अनेकदा फुलासारखी वर्तुळे करतात. मग त्यांची प्रकाश टिपणारी टोके आत वळतात आणि रंजक पेशींपासून दूर राहतात. शिवाय जुनाट आजारात उरलेल्या चेतापेशी आपली मांडणी बदलतात, त्यामुळे उशीर होईल तितकी जोडणी अवघड होत जाते.

मूलपेशींच्या नावाने विकले जाणारे अप्रमाणित उपचार ही वेगळीच, गंभीर बाब आहे. अमेरिकेत तीन स्त्रियांच्या पोटातील चरबीतून काढलेल्या पेशी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत टोचल्या गेल्या आणि तिघींचीही दृष्टी अतिशय खालावली. २०१७ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. तिथे कोणतीही प्रकाशग्राही पेशी वाढवलेली नव्हती.